ताणलेलं कापड : मोठ्या फुलीकामाच्या रिंगा आणि चौकटी

मॅटीवरचं तोरण आणि तीनशे बाय चारशे घरांचा विठ्ठल ही दोन वेगळी कामं आहेत. टाका दोन्हीकडे तोच, फुलीचा. सुई तीच, बोथट टोकाची. दोरा त्याच सहापदरी लडीतला. त्यामुळेच फसगत होते. लग्नाआधी दाराचं तोरण, चार रुमाल आणि टीव्हीवरचं झाकण हातासरशी भरून टाकलेली बाई मोठ्या नमुन्याकडे बघून सहज म्हणते, 'त्यात काय, तेच जरा मोठं.' तीन-चार महिन्यांनी ते जरा मोठं पिशवीत जातं, पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत एकदा खाली उतरून पुन्हा वर चढते. जालना शहरात, अंबडला, परतूरला, भोकरदनला, जिथे म्हणून भरतकाम होतं तिथल्या पुष्कळ घरांत अशी एखादी पिशवी असते. ही पुस्तिका त्या पिशवीवर नजर ठेवून लिहिली आहे.

काम अर्धवट राहिलं की आपण दोष कंटाळ्याला देतो. 'तिचा हात चांगला, पण चिकाटी नाही,' असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. माझं मत निराळं आहे. कंटाळा बहुतेक वेळा मागाहून येतो. आधी कापड सैल पडतं, फुल्या कुठे ठसठशीत तर कुठे मलूल दिसायला लागतात, कडा उसवतात, मधोमध एक मळकट गोल उमटतो, मान भरून येते. मग कंटाळा येतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं मूळ कापड कशावर आणि कसं ताणलं यात असतं. नमुना, रंग, धागा यांवर आपण तासन्‌तास बोलतो आणि रिंग मात्र दुकानदार देईल ती घेऊन येतो.

आधी हिशेब करू. ३०० बाय ४०० घरं म्हणजे १,२०,००० फुल्या. स्वयंपाकघर आवरल्यावर रोज रात्री २०० फुल्या झाल्या, तर ६०० रात्री. सणवार, पाहुणे, लगीनसराई, कापसाची वेचणी धरली की दोन वर्षं सहज जातात. कापड १४ काउंटचं असेल, म्हणजे इंचात १४ घरं, तर चित्र साधारण साडेएकवीस बाय साडेअठ्ठावीस इंच होतं. चहूबाजूंनी तीन-तीन इंच सोडले की कापड साडेसत्तावीस बाय साडेचौतीस. तेच चित्र इंचात ११ घरं असलेल्या जाड कापडावर घेतलं तर नुसतं चित्रच सव्वासत्तावीस बाय साडेछत्तीस इंचांवर जातं. एवढं कापड मांडीवर मावत नाही. ते घडी पडून, चुरगळून, जमिनीला लागून दोन वर्षं आपल्याबरोबर राहणार असतं.

आता एक फुली जवळून बघा. खालच्या डाव्या भोकातून सुई वर येते, वरच्या उजव्या भोकात खाली जाते. मग दुसरा हात उलट दिशेने. कापड नुसतं हातात धरलेलं असेल तर आपण सुई एका भोकात घालून लगेच पुढच्या भोकातून काढतो, एकाच ओढीत. पटकन होतं, पण प्रत्येक ओढीला कापड किंचित गोळा होतं आणि बोटांनी ते सरळ करावं लागतं. बोटं रोज सारखी नसतात. सकाळच्या शांततेत टाका सैल पडतो, घरात वाद झाला असेल त्या रात्री घट्ट. रुमालाच्या कोपऱ्यातल्या फुलाला हा फरक कळत नाही. पण विठ्ठलाच्या काळ्या अंगावर, जिथे एकाच रंगाच्या हजारो फुल्या शेजारी शेजारी बसतात, तिथे तो पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. श्रावणात भरलेला भाग वेगळा, मार्गशीर्षातला वेगळा. कापड ताणलेलं असलं की एका ओढीत टाका घेताच येत नाही. सुई सरळ वरून खाली, मग सरळ खालून वर. ओढ कापडाला बसत नाही, दोऱ्याला बसते. वेग सुरुवातीला कमी होतो आणि बायका नेमक्या इथेच कुरकुरतात. पंधरा-वीस दिवस कळ काढावी.

आपल्याकडे ताणण्याची ही सवय कमी का, याचा थोडा विचार करायला हवा. भरतकामाची आपली जुनी ओळख चौकटीशिवायचीच आहे. वाकळ किंवा गोधडी घ्या. लुगड्याधोतरांचे थर जमिनीवर अंथरायचे, त्यांवर बसायचं आणि कडेकडून धावदोरा घालत आत यायचं. थरांची जाडी आणि बसणारीचं वजन, हाच तिथला ताण. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवर जुन्या बंजारा बायकांच्या काचळी-फेटियांवरचं काम पाहिलं तर तेही हातात धरून केलेलं. कापड मुळात जाड, शिवाय भाग छोटे छोटे, नंतर एकत्र जोडलेले. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कुळातलं. इरकल लुगडं आपल्याकडे घरोघर आलं, त्याच्या मागोमाग धारवाडकडची कसुतीही ओळखीची झाली. तिच्यात नमुना कापडावर उमटवत नाहीत, धागे मोजूनच काम चालतं. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी या तिच्या चार टाक्यांपैकी मेंथी म्हणजे आपली फुलीच. पण कसुतीतही एकेक आकृती वितीच्या आतबाहेरची. शेकडो फुल्यांचा सलग, एकरंगी, काठोकाठ भरलेला पृष्ठभाग यांपैकी कुणालाच करायचा नव्हता.

शाळेने आणि शिवणवर्गाने हीच सवय पक्की केली. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, कर्व्यांचं हिंगणं, १९०९ सालचं पुण्याचं सेवासदन, या सगळ्या परंपरेत बाईच्या हाताला काम म्हणून शिवण-टिपण आलं आणि पुढे ते अभ्यासक्रमात शिरलं. अभ्यासक्रमात शिरलं की वही आली. वीतभर कापडावर साखळी टाका, दुसऱ्या वीतभरावर काश्मिरी टाका, तिसऱ्यावर फुली, प्रत्येक तुकडा पानावर चिकटवलेला. टाके शिकायला ही पद्धत उत्तमच. पण वीतभर कापडाला पाच इंची रिंग पुरते, आणि तेवढीच रिंग मग जन्मभर पुरते असं वाटत राहतं.

चौकट आपल्याला अगदीच परकी होती असंही नाही. ती होती, पण कारागिराच्या घरी. जरदोजीवाल्यांचा कारचोब म्हणजेच अड्डा आठवा. चार लाकडांची मोठी आडवी चौकट, तिच्यावर कापड ताणून शिवलेलं, भोवती जमिनीवर बसलेले कारागीर, एक हात वर, एक हात कापडाखाली. हैदराबादेत हे काम नावाजलेलं होतं, आणि जालना १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होतं. दुसरं उदाहरण तर अंबडला लागून असलेल्या तालुक्यातलं. पैठणचा विणकर मागावर बसतो तेव्हा ताणा एका तुळईवरून सुटत येतो आणि विणलेला भाग पुढच्या तुळईवर गुंडाळला जातो. त्याच्यासमोर कायम हातभर कापडच असतं, ताठ, सपाट. काठाचा मोर विणताना उरलेली साडी कुठे आहे याची त्याला फिकीर नसते. मोठ्या फुलीकामासाठी मी पुढे जी गुंडाळी चौकट सुचवणार आहे, तिच्यात या तत्त्वापेक्षा काहीही नवं नाही. फरक इतकाच की हे तत्त्व विणकराच्या आणि कारचोबवाल्याच्या घरात राहिलं, ते माजघरात आलं नाही.

रिंगेबद्दल थोडं सविस्तर, कारण ती सगळ्यांकडे असते आणि चुकीची वापरली जाते.

रिंग म्हणजे दोन कडी. आतलं अखंड, बाहेरचं एका जागी चिरलेलं आणि तिथे स्क्रू. बाजारात लाकडी, बांबूच्या आणि प्लॅस्टिकच्या मिळतात, चार इंचांपासून बारा इंचांपर्यंत. मोठं काम म्हणून मोठी रिंग घ्यावी असं वाटतं, पण आठ-दहा इंचांपुढची रिंग हातात धरून काम करणं म्हणजे मनगटाशी वैर. शिवाय जितकी रिंग मोठी तितकं मधलं कापड सैल. आठ इंची चांगली. घेताना दोन्ही कडी एकमेकांत बसवून उजेडाकडे धरून बघा. मधे फट दिसली तर ती रिंग कापड धरणार नाही, स्क्रू कितीही आवळा.

आणल्यावर पहिलं काम म्हणजे आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळणं. अर्धा इंच रुंदीची पांढरी सुती पट्टी, धुऊन घेतलेली, तिरकी, थोडी एकावर एक चढवत सबंध कड्यावर फिरवायची आणि शेवट दोन टाके घालून बंद करायचा. याने तीन गोष्टी होतात. कापड घसरत नाही, त्यामुळे स्क्रू जिवापाड आवळावा लागत नाही. कड्याची धार कापडाला थेट लागत नाही. आणि नव्या लाकडाचा पिवळट रंग किंवा रोगणाचा ओशटपणा कापडात उतरत नाही. पट्टी मळली की काढून धुवायची. पाऊण तासाचं हे काम, पण ज्यांनी केलं त्या परत उघड्या रिंगेकडे गेल्या नाहीत.

कापड ओढायचं ते उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेनेच. कोपऱ्याकडे तिरकं ओढलं की चौकोनी घरं शंकरपाळ्यांच्या आकाराची होतात आणि त्यावर भरलेली फुली रिंग काढल्यावर वाकडी दिसते. टिचकी मारून बघा, हलका आवाज आला की पुरे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. काम थांबलं की रिंग काढायची. रोज. 'उद्या पुन्हा बसायचंच आहे' म्हणून ठेवलेली रिंग पुढच्या सोमवारपर्यंत तशीच राहते. मग कापडावर गोल वळ पडतो. जालन्याच्या चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपार जातो, तळव्याला घाम सुटतो, हवेत धूळ असते. हा घाम आणि ही धूळ रिंगेच्या कडेशीच साठते, कारण बोटं तिथेच टेकतात. साधा वळ धुण्याने जातो. घामाचा तपकिरी गोल जुना झाला की जात नाही. पिशवीतल्या अर्धवट कामांवर हमखास दिसणारी खूण हीच. गोल चित्राच्या बाहेर असेल तर काच बसवताना कागदी पट्टीखाली लपेल. आत असेल तर त्या भागाची पार्श्वभूमी भरून काढण्यावाचून इलाज नाही, आणि फिकट आकाशाखालून तो तरीही डोकावू शकतो.

एवढं सगळं सांभाळलं तरी मोठ्या कामात रिंगेचं एक दुखणं राहतंच. दहा इंची रिंगेत सरळ भरता येईल असा चौकोन जेमतेम सात इंचांचा. आपल्या विठ्ठलाला तसे बारा-तेरा चौकोन लागतील, प्रत्यक्षात जास्तच. म्हणजे रिंग तेवढ्या वेळा हलणार आणि प्रत्येक वेळी तिची कड आधी भरलेल्या फुल्यांवर बसणार. सुती दोऱ्याच्या फुल्या दबल्या तरी शेवटच्या धुण्यात बऱ्याचशा उमलतात. पण गाठींचे टाके, मणी, जर यांवर रिंग कधीही बसवू नये. जर एकदा मुडपली की मुडपलीच. मी रिंग नाकारत नाही. बारा इंचांच्या आतलं काम, प्रवासात न्यायचं काम, तोरणाचे सुटे तुकडे यांना ती बरी. त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा करू नये.

मधला मार्ग पाइपच्या चौकटीचा, आणि तो आपल्या जिल्ह्यात जवळजवळ फुकट आहे. परदेशात अशा चौकटी तयार विकल्या जातात. चार पाइप, चार एल्बो, आणि पाइपवर कापड अंथरून वरून दाबून बसवायच्या चार अर्धगोल क्लिपा. मोसंबीच्या बागा आणि ठिबक असलेल्या जिल्ह्यात पीव्हीसी पाइपचे तुकडे शोधायला बाजारात जायला नको. चौकटीला अर्धा इंची पाइप घ्या. क्लिपांसाठी पाऊण इंचीचे तुकडे उभे चिरा आणि चिरलेल्या जागी बोटभर पट्टी काढून टाका, म्हणजे तुकडा उघडा होऊन अर्धा इंची पाइपवर कापडासकट खटकन बसतो. चिरलेल्या कडा पॉलिश पेपरने घासणं विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी धागा तुटेल. एल्बोला सोल्युशन लावायचं नाही; चौकट सुटी करता आली पाहिजे. क्लिप बाहेरच्या बाजूला थोडी फिरवली की कापड आणखी ताणतं, सैल पडलं की पुन्हा फिरवायची. अकरा बाय अकरा इंचांची चौकट हलकी, धुता येणारी, आणि तिचा दाब रिंगेच्या अरुंद कडीऐवजी रुंद पट्टीवर पसरतो. काम थांबलं की क्लिपा इथेही काढायच्याच.

पण दोन वर्षांच्या कामाला माझं मत गुंडाळी चौकटीलाच. दोन आडवे दांडे, दोन उभ्या पट्ट्या. दांड्यांवर लांबीभर जाड सुती पट्टी ठोकलेली. कापडाची वरची कड वरच्या दांड्याच्या पट्टीला शिवायची, खालची खालच्या दांड्याच्या, आणि दोन्हीकडून गुंडाळत मधे दहा-बारा इंचांचा भाग उघडा ठेवायचा. तो भरून झाला की एका दांड्यावरून सोडायचं, दुसऱ्यावर गुंडाळायचं. साडेअठ्ठावीस इंचांचं चित्र तीन गुंडाळ्यांत संपतं. रिंग बारा-तेरा वेळा हलते, ही दोनदाच.

दांडे कातारी करून देतो. पोळपाट-लाटणी करणारा माणूस अजून बऱ्याच बाजारगावांत भेटतो. नसला तर साधे चौकोनी दांडेही चालतात, फक्त धारा गोल करून घ्यायच्या. लाकूड सागाचं असावं, निदान वाळलेलं तरी असावंच. ओलं लाकूड पावसाळ्यात पिळवटतं आणि दांडा वाकला की कापडाचा मध्य सैल राहतो. बाभूळ मजबूत खरी, पण मांडीवर घेऊन बघा. रोगण किंवा तेल नको, नुसतं घासून गुळगुळीत करा.

इथे जालन्याची म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण लोखंडाच्या गावचे. सळईचे कारखाने, वेल्डिंगची दुकानं हाकेच्या अंतरावर. 'चौकट लोखंडी करून देतो, जन्मात मोडणार नाही,' असं सांगणारा भाऊ, दीर, शेजारी प्रत्येकीला असतो. त्याला नम्रपणे नाही म्हणा. मोडणार नाही हे खरं, पण गंजेल. आणि सुती कापडाला लागलेला गंजाचा डाग धुण्याने जात नाही. हेच चुकांना आणि टाचण्यांना लागू. सांध्याला बोल्ट लागतोच, तो पितळी किंवा स्टेनलेस घ्या, वर हाताने फिरवता येणारा विंग नट. पट्टी ठोकायच्या चुकाही पितळी.

कापड चढवण्याआधी कडेला पिको करून घ्या. साडीला पिको-फॉल करणाऱ्या बाई दहा मिनिटांत चारी बाजू करून देतात. क्रॉस स्टिचचं कापड मोकळ्या विणीचं असतं, उसवायला लागलं की तीन इंचांची मोकळी जागा दोन वर्षांत सहज खाऊन टाकतं. मग कापडाचा मध्य आणि दांड्याचा मध्य पेन्सिलीने खूण करून जुळवा, आणि शिवायला मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जा. टोकाकडून शिवत आलं तर शेवटी अर्धा इंच उरतो आणि कापड तिरकं बसतं. कापडाचा धागा दांड्याला समांतर आहे ना, हे प्रत्येक वितीला थांबून बघायचं. पहिल्या दिवशीचा एक धाग्याचा तिरकेपणा तिसऱ्या गुंडाळीपर्यंत बोटभर होतो.

वरून-खालून ताण आला, पण डावी-उजवी बाजू मोकळीच राहते आणि तिथे कापड आत ओढलं जातं. त्यासाठी जाड दोरा कापडाच्या कडेतून आणि उभ्या पट्टीभोवतून नागमोडी ओवत न्यायचा. बाजेच्या पायथ्याची दोरी जशी ओढून ओढून सगळी बाज ताठ करतात, तसा हा दोरा टोकाकडून सारत सारत आवळायचा. बाजेसारखाच तो रोज थोडा सैल पडतो आणि रोज थोडा ओढावा लागतो. गुंडाळी बदलताना तो काढून पुन्हा ओवावा लागतो, यात अर्धा तास जातो, आणि म्हणून अनेकजणी तो ओवतच नाहीत. मग म्हणतात, चौकटीचा काही उपयोग नाही. गुंडाळलेल्या भागात फुल्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून मधे जुन्या मलमलीचा तुकडा घालावा. काम झाकायला जुनं धोतर किंवा ओढणी पुरते. पंधरा दिवस काम होणार नसेल तर नट सैल करून ठेवावेत.

चौकट आली की बसण्याची रीत बदलते. मांडीवर वाकून काम होत नाही. मांडी घालून भिंतीला पाठ लावायची, समोर चौरंग, चौकटीची खालची कड पोटाशी आणि वरची चौरंगावर, थोडी चढती. दोन्ही हात मोकळे होतात. एक वर, एक खाली. सरावाचा हात, म्हणजे बहुतेकींचा उजवा, खाली ठेवून बघा. वरच्या हाताला भोक दिसत असतं, अंदाज खालच्या हाताला घ्यावा लागतो. पहिले काही दिवस सुई भलत्याच घरातून वर येईल. मग बोटांना घरं पाठ होतात आणि त्या दिवसापासून वेग हातात धरून करण्यापेक्षा वाढतो. मान सरळ राहते, हा फायदा चाळिशीनंतर जास्त कळतो.

अडचणीही सांगायला हव्यात. तीस इंची दांड्यांची चौकट दोन खोल्यांच्या घरात ठेवायची कुठे? उभी भिंतीशी ठेवली तर मुलं पाडतात, पलंगाखाली सरकवली तर झाडू लागतो. ती माहेरी नेता येत नाही. चार बायकांत गप्पा मारत बसून करायचं हे काम राहत नाही. ज्यांना भरतकामात गप्पाच हव्या असतात, आणि तेही कारण लहान नाही, त्यांनी मोठं काम घेऊ नये, तोरणंच करावीत. खुशाल.

चौकटीकडून भलती अपेक्षाही नको. फोटोवरून संगणकाने पाडलेले जे नमुने हल्ली मिळतात, त्यांत साठ-सत्तर रंग असतात आणि एकेका रंगाची एकेक फुली इकडेतिकडे शिंपडलेली. घरातल्या थोरांचा फोटो द्यावा आणि नमुना करून घ्यावा, ही हौस समजते. पण तो नमुना माणसाने बघून साफ केलेला नसेल तर जगातली कुठलीही चौकट तुम्हाला वाचवणार नाही. नाकाच्या शेंड्यावर अकरा रंग असतील तर आधी ते चार करा, मग सुताराकडे जा. दर दहा घरांवर गडद दोऱ्याने लांब धावटाके घालून आखणी करण्याची युक्ती पहिल्या प्रकरणात दिली आहे. चौकटीवर ताणलेल्या कापडावर ती आखणी काटेकोर सरळ येते, आणि मोजणीतल्या निम्म्या चुका तिथेच संपतात.

मोठं काम तुकड्यांत करून जोडावं का, असंही विचारलं जातं. फ्रान्समधल्या बायोची अकराव्या शतकातली प्रसिद्ध भरतपट्टी सुमारे ७० मीटर लांब आहे आणि लिननचे नऊ तुकडे जोडून झालेली आहे. तिथे फुली टाका नाही, लोकरीचं वेगळं भरतकाम आहे. तिच्या पहिल्या जोडावर वरच्या किनारीच्या रेघा जुळत नाहीत. पुढच्या जोडांत त्या जुळतात. करणाऱ्यांना अक्कल कामातच आली. पण लांब पट्टीत जोड लपतो, देवाच्या छातीवर लपत नाही. भिंतीवरची लांब पट्टी, बारा महिन्यांचे बारा चौकोन, पडद्याची किनार अशी कामं तुकड्यांत करावीत. एकसंध चित्र एकाच कापडावर.

पुढची प्रकरणं याच क्रमाने आहेत: आखणी, रिंग, पाइपची चौकट, गुंडाळी चौकट, धुणं आणि काच. गुंडाळी चौकटीचं प्रकरण सर्वांत मोठं झालं आहे, त्याला नाइलाज होता. रंगसंगतीवर मी काही लिहिलेलं नाही; त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सुताराला दाखवायची आकृती आहे, पण तिच्यातली मापं रिकामी सोडली आहेत. प्रत्येकीचं कापड वेगळं. माप तोंडी सांगू नका, कापडच सुतारापुढे अंथरा, आणि तेही पिको झाल्यावर, कारण पिको दोन्हीकडून थोडं थोडं कापड आत घेतं. दांड्यावरची पट्टी कापडाच्या रुंदीपेक्षा दोन इंच जास्त असू द्या. पुढचं काम याहून रुंद निघालं तर उभ्या पट्ट्या त्याच चालतात, दांडे तेवढे नवे करून घ्यायचे.